वाचकांचे प्रश्न: पुनर्विकासाचा पैसा कोणत्या खात्यात?

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे: शहर सुधारण्यासाठी पैसे घेतले जातात, पण ते कुठे जातात ते दिसत नाही. म्हणून निवडक पत्रांना एकत्र उत्तरे देत आहोत.

प्रश्न: मुंबईत पूर्वी शहर सुधारण्यासाठी वेगळा 'ट्रस्ट' होता असे वाचले. त्याला पैसा कुठून मिळे आणि तो बंद का पडला? आपल्या सांगलीत असे काही होते का? (एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग)

उत्तर: होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्त्या हे त्याचे कारण ठरवले गेले आणि १८९८ मध्ये कायदा करून 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. ग्लासगो शहरात १८६६ मध्ये अशीच संस्था निघाली होती. तिचा नमुना समोर होता. महापालिका असताना वेगळी संस्था का काढली? सरकारचा हिशेब साधा होता: नगरसेवक घरमालकांवर कर लावायला कचरतात, आणि मोठे काम एका अंदाजपत्रकाच्या वर्षात बसत नाही.

ट्रस्टला कर लावायचा अधिकार नव्हता, हे नीट ध्यानात घ्या. त्याचे उत्पन्न तीन वाटांनी येई. सरकार आणि महापालिकेने त्याच्या नावे केलेल्या जमिनींचे भाडे ही पहिली वाट, महापालिकेकडून दरवर्षी मिळणारे अंशदान ही दुसरी, आणि बाजारात काढलेले कर्जरोखे ही तिसरी. खर्चाची रीत अशी: दाटीची वस्ती संपादित करायची, पाडायची, रस्ता काढायचा, उरलेले भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यायचे आणि त्या भाड्यातून कर्ज फेडायचे. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याचे आखीव रस्ते ही त्याच पैशाची कामे.

यात गोची होती. संपादनाचे पैसे आज द्यावे लागत, भूखंडाचे भाडे मात्र काही वर्षांनी सुरू होई. मधल्या काळात व्याज चालूच. दादर-माटुंग्याचे भूखंड पट्ट्याने जायला बरीच वर्षे गेली. शिवाय पाडणे सोपे आणि बांधणे महाग, त्यामुळे उठवलेल्या कुटुंबांना पुरतील इतकी घरे ट्रस्टकडून झाली नाहीत. ती माणसे शेजारच्या वस्तीत शिरली आणि तिथली दाटी वाढली. १९२५ च्या कायद्याने ट्रस्टचा कारभार महापालिकेकडे नेण्याची वाट झाली आणि १९३३ मध्ये तो पूर्णपणे तिच्यात विलीन झाला.

दरम्यान १९२० मध्ये सरकारने विकास विभाग काढला. मुंबईकर ज्याला बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) म्हणतात तो हाच. त्याच्या पैशासाठी कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया शुल्क बसवले. म्हणजे वऱ्हाड-खानदेशातून मुंबईत येणारी गाठसुद्धा वरळीच्या चाळीचा खर्च उचलत होती! ५० हजार खोल्यांचा बेत होता. प्रत्यक्षात २०७ चाळी आणि १६ हजारांच्या वर खोल्या झाल्या. बांधकाम महाग पडले, भाडे कामगाराला परवडेना आणि बऱ्याच खोल्या सुरुवातीला रिकाम्या राहिल्या.

आता सांगली. १९४८ पर्यंत सांगली आणि मिरज ही संस्थाने होती, त्यामुळे मुंबईचा तो कायदा इथे लागूच नव्हता. विलीनीकरणानंतर हा भाग दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. वेगळा ट्रस्ट कधीच आला नाही. महाराष्ट्रात तसा नमुना नागपूरला आहे, तोही १९३६ च्या स्वतंत्र कायद्याने. आपल्याकडे नगरपालिकाच नियोजन प्राधिकरण होती. ९ फेब्रुवारी १९९८ पासून सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली आणि ते काम तिच्याकडे आले. म्हणजे ट्रस्टची वेगळी इमारत, वेगळे विश्वस्त, वेगळी तिजोरी यातले काही नाही. आहेत ती हिशेबाच्या वहीतली वेगळी पाने. पुढची सगळी उत्तरे त्या पानांभोवती फिरतात.

केंद्राच्या योजनांचाही उल्लेख केला पाहिजे. डिसेंबर २००५ च्या नेहरू नागरी अभियानात महाराष्ट्रातली पाचच शहरे थेट होती: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, नांदेड. बाकी शहरांसाठी एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रम होता. त्यात केंद्राचा वाटा ८० टक्के. निम्मा पैसा आधी मिळे आणि दुसरा हप्ता पहिल्यातला ७० टक्के खर्च झाल्याच्या विनियोग प्रमाणपत्रावर. जागेचा वाद लागून दोन इमारती अडल्या, की ७० टक्के भरत नाहीत, हप्ता येत नाही आणि चालू असलेली तिसरी इमारतही स्लॅबवर थांबते. अर्धवट सांगाडे पाहून लोक थेट 'पैसे खाल्ले' म्हणतात. कधी खाल्लेलेही असतात, पण आधी हप्त्याचा कागद मागून पाहावा.

प्रश्न: आम्ही गावभागात जुन्या वाड्यात तीन पिढ्या भाड्याने राहतो. भिंती फुगल्या आहेत. मुंबईचा भाचा म्हणतो, 'म्हाडाला अर्ज करा, ते दुरुस्त करून देतात.' इथे का देत नाहीत?

उत्तर: भाच्याची माहिती खरी आहे, पण ती मुंबईपुरती. मुंबई शहरात, म्हणजे शीव-माहीमच्या दक्षिणेकडे, जुन्या भाड्याच्या इमारतींवर 'दुरुस्ती उपकर' आहे. १९६९ च्या कायद्याने त्यासाठी मंडळ झाले, नंतर ते म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात, गेले. म्हाडा ५ डिसेंबर १९७७ ला अस्तित्वात आली. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात आणि तिथून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात. लोक उपकर भरतात, सरकार आणि महापालिका त्यात भर घालतात आणि त्या निधीतून दुरुस्ती होते. सांगलीत हा उपकर कोणी भरत नाही, म्हणून निधीही नाही. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या हद्दीत सांगली जिल्हा येतो हे खरे. ते मंडळ घरे बांधते आणि सोडतीने देते, वाडे दुरुस्त करत नाही.

तुमच्या हातात भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १४ आहे. मालकाला लेखी नोटीस द्या. १५ दिवसांत त्याने आवश्यक दुरुस्ती केली नाही, तर तुम्ही करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकता. मर्यादा मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. भाडे महिना ५० रुपये असेल तर वर्षाचे ६०० आणि वळते करता येतात १५०. एवढ्यात गवंड्याची अर्धी हजेरीही निघत नाही. मुंबईत उपकराची कल्पना निघाली ती याच गणितामुळे. गोठलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरूला झेपत नाही.

म्हणून दुरुस्तीच्या मागे न लागता पुनर्बांधणीची तयारी करा. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर महापालिका कायद्याच्या कलम २६५-अ नुसार संरचनेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. पाहणीनंतर इमारत सी-१, सी-२-अ, सी-२-ब किंवा सी-३ वर्गात जाते. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी. सी-२-अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२-ब मध्ये न हलता दुरुस्ती, सी-३ मध्ये किरकोळ. कलम २६४ ची, म्हणजे धोकादायक इमारतीबद्दलची, नोटीस आली की लोक घाबरून एका दिवसात बाहेर पडतात आणि तिथेच फसतात. बाहेर पडण्याआधी खोलीचे मोजमाप करून त्याचा लेखी दाखला नगररचना किंवा प्रभाग कार्यालयातून घ्या. भाडेपावत्या, जुने वीजबिल, घरपट्टीच्या उताऱ्यावर भोगवटादार म्हणून असलेले नाव आणि खोलीचे आतून-बाहेरून फोटो जपून ठेवा. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, पण किती चौरस फुटांचा हक्क, हे इमारत गेल्यावर सिद्ध करणे फार अवघड होते.

प्रश्न: आमची वसाहत गुंठेवारीतली. नियमितीकरणाचे पैसे भरून बरीच वर्षे झाली. गटार नाही, पावसाळ्यात रस्त्यावरून चालता येत नाही. कार्यालयात विचारले तर 'निधी नाही' म्हणतात. आम्ही भरलेला पैसा गेला कुठे? (सांगली जिल्हा)

उत्तर: तुमचा प्रश्न या अंकातला सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

गुंठेवारी म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेले भूखंड. गुंठेवारी विकास अधिनियम २००१ चा. तो १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांसाठी होता. २०२१ च्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. त्यात तुम्ही दोन रकमा भरता: नियम मोडून पाडलेल्या भूखंडाबद्दल प्रशमन शुल्क आणि सुविधांसाठी विकास शुल्क. हा पैसा पगार किंवा वीजबिलासाठी घेतलेला नसतो. त्या वस्त्यांचे रस्ते, गटारे, पाणी, दिवे यांसाठी तो असतो.

मग अडते कुठे? बहुधा तीन ठिकाणी. वसाहतीतल्या शंभर भूखंडांपैकी पंचवीस-तीस जणांनीच भरलेले असते, त्यामुळे जमलेल्या रकमेत अख्खी गटार होत नाही आणि काम पुढे ढकलले जाते. दुसरे, सगळ्या वसाहतींचा पैसा एकाच लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबाच्या वहीतल्या एकाच पानावर, जातो आणि ज्या भागाचा आवाज मोठा तिथे खर्च पडतो. तिसरे, वर्षअखेरीस तूट आली की असा पडून असलेला पैसा तात्पुरता म्हणून इतरत्र वळवतात. ते 'तात्पुरते' कधी संपते, ते विचारायला कोणी जात नाही.

माहिती अधिकारात अर्ज करताना 'गटार का झाली नाही?' असे विचारू नका. 'का'चे उत्तर देणे जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, तो दोन ओळींत अर्ज निकाली काढेल. आकडे आणि कागद मागा. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मजकूर असा चालेल:

'गुंठेवारी नियमितीकरणापोटी जमा झालेल्या प्रशमन व विकास शुल्काबाबत, मागील तीन आर्थिक वर्षांसाठी: १) ज्या लेखाशीर्षात रक्कम जमा होते त्याचे नाव व क्रमांक, २) प्रत्येक वर्षाची आरंभीची शिल्लक, जमा, खर्च व अखेरची शिल्लक, ३) या रकमेतून मंजूर केलेल्या कामांची यादी, प्रशासकीय मान्यतेची तारीख व रक्कम, ४) या लेखाशीर्षातून अन्यत्र वर्ग केलेल्या रकमांच्या आदेशांच्या प्रती.'

उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर न आल्यास किंवा अर्धवट आल्यास पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. प्रती २ रुपये पानाने मिळतात. वसाहतीत दहाजण असाल तर एकाच मजकुराचे दहा अर्ज करू नका, विषय वाटून घ्या: एकाने जमा-खर्च, दुसऱ्याने कामांची यादी, तिसऱ्याने मंजूर रेखांकनाची प्रत.

आकडे हाती आले की दुसरी पायरी. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव दिवाळीनंतर सुरू होते. तुमचे निवेदन मार्चमध्ये गेले तर ते पुढच्या वर्षात पडते. नोव्हेंबरमध्ये द्या, आणि त्यात 'गटार करा' एवढेच न लिहिता लेखाशीर्ष, शिल्लक आणि गटारीची लांबी मीटरमध्ये लिहा. कनिष्ठ अभियंत्याला अंदाजपत्रक करायला सोपे जाते आणि सोपे काम आधी होते. भूखंड नियमित न केलेल्या शेजाऱ्यांनाही तयार करा. जमा वाढल्याशिवाय गटारीची लांबी वाढत नाही, हे कडू आहे पण खरे आहे.

प्रश्न: बांधकाम परवान्याच्या चलनावर चार-पाच रकमा असतात. विकास शुल्क कसे काढतात आणि त्यातले काय शहरात राहते? (बांधकाम व्यवसायातील वाचक, शंभर फुटी रस्ता)

उत्तर: विकास शुल्क १९६६ च्या नगररचना अधिनियमात मूळचे नव्हते. १९९२ मध्ये प्रकरण सहा-अ घालून ते आले. आधी दर रुपयांत ठरलेले होते, पुढे २०१० मध्ये ते रेडीरेकनरशी, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या दरपत्रकाशी, जोडले गेले. निवासी वापरासाठी जमिनीवर दराच्या ०.५ टक्का आणि बांधकाम क्षेत्रावर २ टक्के. औद्योगिक वापराला ०.७५ आणि ३, वाणिज्य वापराला १ आणि ४.

हिशेब करून पाहू. भूखंड ४०० चौरस मीटर, बांधकाम ६०० चौरस मीटर, आणि जमिनीचा रेडीरेकनर दर १० हजार रुपये प्रति चौरस मीटर धरू (दर फक्त उदाहरणासाठी). जमिनीचे ५० गुणिले ४०० म्हणजे २० हजार. बांधकामाचे २०० गुणिले ६०० म्हणजे १ लाख २० हजार. एकूण १ लाख ४० हजार. नेहमीची चूक अशी की बांधकामाचे २ टक्के सदनिकेच्या दरावर काढले जातात. शुल्क मोकळ्या जमिनीच्या दरावर आहे. चलन हातात आल्यावर आधी हाच आकडा तपासा. दुसरे, रेडीरेकनर १ एप्रिलला बदलतो, म्हणून फाइल मार्च ओलांडते आहे का पाहा.

विकास शुल्क स्वतंत्र विकास निधीत जमा व्हायचे असते. सार्वजनिक सुविधा आणि आरक्षित जमिनींचे संपादन यासाठी तो निधी. त्याच चलनावरचा १ टक्का कामगार उपकर मात्र शहराचा नव्हे, तो बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जातो. 'आम्ही इतके लाख भरले, रस्ता का नाही' असे म्हणताना तो वगळून बोलावे. अनामत आणि छाननी शुल्क वेगळे.

विकास निधी दुसरीकडे वापरला गेल्याचा फटका कसा बसतो, ते आरक्षणांत दिसते. विकास आराखडा अंतिम झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक कलम १२७ ची खरेदी सूचना (जमीन विकत घ्या, अशी नोटीस) देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपते. बाग, शाळा, मैदान अशी आरक्षणे जातात ती अनेकदा संपादनाला पैसा नाही म्हणून, आणि तो पैसा उभा करायची सोय कायद्याने आधीच केलेली असते.

प्रश्न: आमच्या मिरजेतल्या सोसायटीचा पुनर्विकास ठरतो आहे. बिल्डर 'कॉर्पस' देतो म्हणतो. त्यावर विसंबून राहावे का?

उत्तर: कॉर्पस, म्हणजे बिल्डर सोसायटीला देतो तो एकरकमी निधी, शेवटी पाहा, आधी बँक हमी. ४ जुलै २०१९ च्या शासन आदेशाप्रमाणे (सहकार कायद्याचे कलम ७९-अ) विकासकाने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी सोसायटीला द्यायची असते. ती विनाअट आणि मागताक्षणी देय असावी. मुदत बांधकामाच्या मुदतीपेक्षा पुढची हवी, आणि मुदत संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरण झाले का, हे पाहण्याची जबाबदारी एका ठरावीक सभासदावर टाका. हमी सुटल्याचे बहुतेक सोसायट्यांना बिल्डर थांबल्यावरच कळते.

बाकी पायऱ्या थोडक्यात. एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी करायची. विशेष सभेची गणपूर्ती दोनतृतीयांश, ठराव एकूण सभासदांच्या ५१ टक्के मतांनी, हजर असलेल्यांच्या नव्हे. सभेचे चित्रीकरण करायचे. विकासक निवडीच्या सभेला उपनिबंधकांचा प्रतिनिधी लागतो. बांधकामाची मुदत २ वर्षे, अपवादाने ३. एफएसआयबद्दल (भूखंडाच्या मानाने किती बांधकाम करता येते ते प्रमाण): २ डिसेंबर २०२० पासूनच्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीत ३० वर्षांहून जुन्या इमारतीला विद्यमान अधिकृत बांधकामाच्या ३० टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १५ चौरस मीटर, यात जे जास्त ते वाढीव मिळते. 'अधिकृत' हा शब्द मोलाचा आहे. गच्चीवरची खोली किंवा बंद केलेली बाल्कनी त्यात धरत नाहीत, आणि मंजूर नकाशा हरवला असेल तर आधी नगररचनेतून त्याची प्रमाणित प्रत काढा.

प्रश्न: आमची इमारत कृष्णेच्या पुरात बुडते. तिचा पुनर्विकास होईल का?

उत्तर: आधी पाटबंधारे विभागाकडून तुमच्या सर्व्हे नंबरावर निळी आणि लाल पूररेषा आखून घ्या. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. दोन्ही रेषांच्या मध्ये बांधकाम होते, पण जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवे. निळीच्या आत नवे बांधकाम नाही. जुन्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकास मात्र त्याच जोत्याच्या अटीवर आणि पाटबंधारे विभागाच्या ना-हरकतीने होऊ शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट असताना. म्हणून वास्तुविशारदाला नकाशा काढायला सांगण्याआधी रेषेचा दाखला हातात घ्या. जोते दोन-अडीच मीटर वर गेले तर रॅम्प, लिफ्टचा खड्डा आणि मीटरची खोली सगळे वर न्यावे लागते, आणि खर्चाचा पहिला अंदाज तिथेच चुकतो.